तिसरी पिन

माझी धाकटी मावशी उज्जैनला दिलेली आहे. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला आता पन्नासेक वर्षे होतील. लहानपणी दिवाळीनंतर तिचे पत्र यायचे, त्यात महाकालाचा अंगारा असायचा, आणि आम्हा मुलांना उज्जैन म्हणजे काशीच्या अलीकडचे कुठलेसे गाव एवढेच ठाऊक होते. पुढे कला शाखेत इतिहास घेतला तेव्हा कळले की आम्हा गोव्या-कोकणच्या माणसांचे या नगरीशी जुने नाते आहे. आज आपण महाकालेश्वराचे जे देऊळ पाहतो ते अठराव्या शतकात उभे राहिले, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या पुढाकाराने. हे रामचंद्रबाबा म्हणजे आपल्याकडचे शेणवी. समुद्राकाठचा माणूस माळव्यात जातो आणि क्षिप्रेच्या काठी देऊळ उभारतो, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

पण आजचा विषय देऊळ नाही. आजचा विषय आहे मावशीच्या वाड्यातली वीज आणि त्या विजेवर चालणारी गाडी. इतिहासाच्या लेखात हे कुठून आले, असे वाचक म्हणतील. जरा धीर धरा.

रजा काढून मागे उज्जैनला गेलो होतो. वाडा जुना, शिंदेशाहीतला. पुढे चौक, चौकात तुळस, मागे न्हाणीघर आणि विहीर. मावशीचे यजमान हयात असताना मागच्या बाजूला दोन नव्या खोल्या बांधल्या, तेवढाच काय तो नवा भाग. मावसभाऊ इंदूरला नोकरीला जातो. उज्जैन-इंदूर अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन एकशे दहा. पेट्रोल परवडेना म्हणून त्याने विजेवरची मोटार घेतली. गाडीबरोबर एक वायर मिळाली होती. एका टोकाला आपल्या गिझरचा असतो तसा जाड तीन पिनांचा प्लग, मध्ये नारळाएवढी डबी आणि दुसऱ्या टोकाला गाडीत खोचायचे बोंडूक. घरचा पंधरा अँपिअरचा पॉइंट असला म्हणजे झाले, असे त्याला सांगण्यात आले होते. असा पॉइंट होता फक्त मागच्या नव्या न्हाणीघरात. तिथून एक्स्टेन्शन बोर्ड लावून वायर चौकापर्यंत आणली गेली. तीन महिने सुखाचे गेले. मग एका रात्री मावशीला जळका वास आला. उठून पाहते तो एक्स्टेन्शन बोर्डाचे प्लास्टिक वितळून प्लगला चिकटलेले.

गिझरचा पॉइंट आणि गाडीचा पॉइंट दिसायला सारखाच. मग गिझरने जे कधी केले नाही ते गाडीने का करावे? उत्तर सोपे आहे. दोन किलोवॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो आणि पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापले की आपोआप बंद होतो. गाडी मात्र चौदा-पंधरा अँपिअर ओढते आणि सलग पाच-सहा तास ओढत राहते. तारेच्या जोडात, सॉकेटच्या सैल पत्र्यात जी थोडीशी उष्णता तयार होते ती गिझर बंद झाल्यावर निवून जाते. गाडीच्या बाबतीत तिला निवायला वेळच मिळत नाही. स्वस्तातल्या एक्स्टेन्शनची तार बारीक असते, मग तर बघायलाच नको.

मावसभावाने यावर तोड काढली ती अशी की त्याने बाजारातून वरच्या ताकदीची डबी आणली. जुनी डबी 3.3 किलोवॅटची, ही 7.2 किलोवॅटची. बत्तीस अँपिअरपर्यंत जाणारी, वर आकडे दाखवणारा छोटा पडदा, सहा, दहा, सोळा, बत्तीस असे हवे तेवढे अँपिअर ठरवायचे बटण. जुनी दुबळी होती म्हणून जळले, ही दणकट आहे, हा त्याचा हिशेब. वाड्याच्या पुढच्या भागात मुख्य बोर्डाजवळ बत्तीस अँपिअरचे निळे सॉकेट बसवून घेतले. मी पोचलो त्याच संध्याकाळी या नव्या डबीचे उद्घाटन होते. मावशीने गाडीला हळदकुंकू लावले. मावसभावाने प्लग खोचला. डबीवर लाल दिवा लागला आणि लुकलुकत राहिला. गाडी काही चार्ज होईना.

आता या डबीत असते काय, ते सांगितले पाहिजे. आपण हिला चार्जर म्हणतो, पण ती चार्जर नव्हेच. भिंतीतली एसी वीज बॅटरीला लागणाऱ्या डीसीत बदलणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. डबीचे काम पहारेकऱ्याचे. एक बारीक तार गाडीकडे जाते, तिच्यावरून डबी सेकंदाला हजार वेळा होणारा, उणे-अधिक बारा व्होल्टचा एक संकेत पाठवते. त्या ठोक्यांतला चालू-बंदचा वाटा पाहून गाडी समजते की आपल्याला किती अँपिअर ओढायची मुभा आहे. वाटा शेकडा दहा असेल तर सहा अँपिअर, शेकडा सत्तावीसच्या आसपास असेल तर सोळा, त्रेपन्न असेल तर बत्तीस. गाडीच्या पोटातला चार्जर 3.3 किलोवॅटचाच असेल तर बाहेर कितीही मोठी डबी आणा, गाडी घ्यायची तेवढीच घेणार. पुष्कळ लोक इथे पैसे वाया घालवतात. मावसभावाची गाडी 7.2 घेणारी होती, तेवढे त्याने पाहिले होते.

आणि डबीचे दुसरे काम, जे मला जास्त महत्त्वाचे वाटते. वीज सोडण्याआधी ती तिसऱ्या पिनेकडे बघते. तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. ती जमिनीशी जोडलेली आहे असे दिसले नाही तर डबी लाल दिवा लावते आणि हटून बसते.

या तिसऱ्या पिनेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आपल्या घरांत जो जाड, गोल तीन पिनांचा प्लग आहे तो इंग्रजांचा. ब्रिटनमध्ये 1934 साली बीएस 546 नावाचे मानक निघाले, त्यात हे गोल पिनांचे प्लग पक्के झाले. दिव्या-पंख्याला पाच अँपिअरचा लहान, शेगडी-बंबाला पंधरा अँपिअरचा मोठा. नीट पाहिलेत तर वरची पिन बाकीच्या दोहोंपेक्षा जाड आणि लांबही असते. लांब अशासाठी की प्लग आत जाताना जमिनीशी जोड सर्वांत आधी व्हावा आणि काढताना तो सर्वांत शेवटी सुटावा. खुद्द इंग्रजांनी 1947 साली चौकोनी पिनांचे नवे मानक काढले आणि हळूहळू हे गोल प्लग सोडले. त्याच वर्षी ते इथून गेले, पण त्यांचा जुना प्लग आपल्याकडे राहिला. पुढे भारतीय मानक आले, पाचाचे सहा आणि पंधराचे सोळा अँपिअर झाले, पण वाणसामानाच्या यादीसारखे लोकांच्या तोंडी अजून पंधरा अँपिअरच आहे. आज देशभर लोक घरी मोटार चार्ज करतात ती बहुतांशी नव्वद वर्षांपूर्वीच्या या आकारातूनच.

घरी मोटार चार्ज करणे हीदेखील नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या मोटारी चांगल्या खपत होत्या. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः 1914 सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. नवऱ्याचा कारखाना पेट्रोलच्या गाड्यांचा, आणि बायको विजेच्या गाडीत! तेव्हाही अडचण घरच्या विजेचीच होती. बॅटरीला डीसी लागते आणि घरोघर एसी येऊ लागली होती. पीटर कूपर ह्युइट या गृहस्थांनी 1902 च्या सुमारास पाऱ्याच्या वाफेचा एक काचेचा फुगा शोधून काढला, तो एसीची डीसी करी. मग श्रीमंतांच्या गॅरेजात भिंतीवर संगमरवरी वा पाटीच्या दगडाच्या फळ्या आल्या, त्यांच्यावर मीटर आणि मागे निळसर उजेडाने लुकलुकणारा तो फुगा. आजच्या डबीची ती पणजी म्हणायची. पण बहुसंख्य घरांत तेव्हा वीजच नव्हती. पेट्रोल डब्यातून कुठेही नेता येई. त्यातच 1912 साली पेट्रोलच्या गाडीला विजेचा स्टार्टर आला, हँडल फिरवायची कटकट गेली, आणि विजेची मोटार मागे पडली. गाडी वाईट होती म्हणून नव्हे. तिला पोसणारे घर तेव्हा तयार नव्हते, हेही एक मोठे कारण होते.

आपल्याकडे 2001 साली बंगळुरूच्या चेतन मैनी यांची रेवा आली. छोटीशी, दोन दारांची, शिशाच्या बॅटऱ्यांची. तिचा चार्जरही पोटातच होता आणि तीही पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर रात्रभर चार्ज होई. पुढे 2010 साली ती कंपनी महिंद्रांकडे गेली. 2020 च्या जानेवारीत पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी टाटांची नेक्सॉन ईव्ही आली, बॅटरी 30.2 युनिटची, आणि मध्यमवर्गीयांच्या अंगणात विजेची मोटार दिसू लागली. गाड्या बदलल्या, बॅटरी शिशावरून लिथियमवर आली. भिंतीतला पॉइंट मात्र तोच राहिला, आणि त्याच्या मागची तारही पुष्कळ घरांत तीच.

असो. आपण लाल दिव्यापाशी होतो.

वायरमन आला. पोरगेलासा, चुणचुणीत. त्याने टेस्टर लावला, हसला आणि म्हणाला, "साहब, अर्थिंग नहीं आ रही. न्यूट्रल से लूप मार देता हूँ, पाँच मिनट का काम है. डिब्बे को पता भी नहीं चलेगा." मावसभावाचा चेहरा खुलला. म्हणजे सॉकेटच्या आत तिसऱ्या पिनेची जागा न्यूट्रलच्या तारेला जोडून टाकायची. डबीला वाटते अर्थिंग आहे. हिरवा दिवा लागतो. काम फत्ते.

हे असे सर्रास करतात हे मला ठाऊक होते, कारण आमच्या जुन्या घरी कपडे धुण्याच्या यंत्रासाठी एकाने हेच केले होते आणि मीच त्याला चहा पाजला होता. पुढे एका जाणत्या माणसाने मला त्यातला धोका उलगडून सांगितला. तो असा. न्यूट्रल ही वीज परत जाण्याची वाट. खांबावरून घरात येणारी ती तार कधी तुटली, वाऱ्यापावसात सैल झाली, तर घरातल्या दिव्या-पंख्यांतून गेलेल्या विजेला परतीची वाट राहत नाही. मग ती त्या लुपातून तिसऱ्या पिनेत आणि तिथून थेट गाडीच्या पत्र्यावर येते. गाडी उभी रबराच्या चाकांवर, तेव्हा वीज जमिनीत उतरत नाही, पत्र्यावर वाट पाहत बसते. डबीतला गळती पकडणारा पहारेकरी नेहमीच्या दोन तारांवर नजर ठेवून असतो. वीज या तिसऱ्या वाटेने आली तर साध्या डबीला ती कळत नाही. आणि गाडी उभी कुठे, तर तुळशीपासून चार हातांवर. मावशी पहाटे न्हाऊन ओल्या पायांनी, अनवाणी तुळशीला पाणी घालते. जाता-येता गाडीच्या टपावर हात टेकते.

मी मावसभावाला एवढेच म्हटले, "अरे, मावशी रोज सकाळी इथे अनवाणी असते रे." तो गप्प झाला. थोड्या वेळाने वायरमनला म्हणाला, "रहने दो भैया. सही अर्थिंग करवाओ."

मग शोध सुरू झाला की अर्थिंगची तार गेली कुठे. मी सरकारी कारकून, मला सवय कागद शोधायची. मावशीच्या ट्रंकेत वीजजोडणीची जुनी फाईल सापडली. वाड्यात वीज आली तेव्हाची वायरिंग लाकडी पट्ट्यांतली, दोनच तारांची. तेव्हा दिवे आणि एक रेडिओ, तिसऱ्या तारेची गरज कुणाला वाटली नव्हती. पुढे केव्हातरी ती बदलली. त्या वेळच्या ठेकेदाराच्या चाचणी अहवालावर अर्थिंगच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात "आहे" असे लिहिलेले, खाली सही. वायरमनने मुख्य बोर्ड उतरवला. हिरवी तार भिंतीत दोन वीत जाऊन संपली होती. पुढे काही नाही. जमिनीपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. कितीतरी वर्षे त्या घरात माणसे राहिली, फ्रिज आला, मिक्सर आला, आणि सगळे त्या एका "आहे"वर विसंबून होते. असले रकाने मीही भरले आहेत, म्हणून मला ते वाचून बरे वाटले नाही. वरच्या ताकदीच्या डबीचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे, तिने कागद न बघता जमीन तपासली.

दुसऱ्या दिवशी चौकाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. अडीच-तीन मीटर खोल, त्यात जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थरावर थर, वर पाणी घालायला नरसाळे. माळव्याची काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून अर्थिंगला चांगली; पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तेव्हा नरसाळ्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. ते काम मावशीने आपणहून घेतले. तुळशीला एक तांब्या आणि नरसाळ्यात एक. वायरमनने यंत्र लावून मोजले, रोध पाच ओहमच्या आत आला. मुख्य बोर्डापासून सॉकेटपर्यंत सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार टाकली, तिला स्वतःचा एमसीबी आणि गळती पकडणारा आरसीसीबी. संध्याकाळी प्लग खोचला, दिवा हिरवा.

पण मग बत्तीस अँपिअरवर लावायचे का? इथे आम्ही पाटी-पेन्सिल घेतली. एकशे दहा किलोमीटरला पंधरा-सोळा युनिटे लागतात. 3.3 किलोवॅटने पाच तास. भाऊ रात्री आठला येतो आणि सकाळी सातला निघतो, म्हणजे अकरा तास गाडी उभीच. घाई कुणाला आहे? शिवाय अँपिअर दुप्पट केले की तारेत आणि जोडात तयार होणारी उष्णता चौपट होते. वाड्याचा मंजूर भार तीन किलोवॅटचा. गाडी सातने चालवायची तर आधी अर्ज करून तो वाढवून घ्यायला हवा. तेव्हा भार वाढवण्याचा अर्ज करायचे ठरले आणि डबीवर अँपिअर सोळाच ठेवले. तेही घरातले पंखे, मोटरपंप सगळे निजल्यावर, रात्री अकरानंतर. एवढी मोठी डबी आणून शेवटी जुन्याइतकेच अँपिअर, म्हणून भाऊ जरा खट्टू झाला. पण प्लगला हात लावून पाहिला, तो थंड होता.

कायद्याचे म्हणाल तर तो या बाबतीत ग्राहकाच्या बाजूने आहे. गाडी चार्ज करणे म्हणजे वीज विकणे नव्हे, त्याला परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने 2018 साली केला. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या किंवा कचेरीच्या चालू जोडणीवर गाडी चार्ज करता येईल असे स्पष्ट म्हटले. 2024 च्या फेब्रुवारीत वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क मिळाला. नवी जोडणी महानगरात तीन, नगरपालिका क्षेत्रात सात आणि खेड्यात पंधरा दिवसांत द्यायची अशी मुदतही घातली. कागद चांगला आहे. कागदाच्या पुढे भिंतीत काय आहे ते मात्र ज्याचे त्याने बघायचे.

निघायच्या दिवशी मंगळनाथाला गेलो. उज्जैनात महाकालाइतकेच या देवळाचे महत्त्व. मंगळ म्हणजे भौम, भूमीचा पुत्र, आणि त्याचा जन्म इथला अशी श्रद्धा. या नगरीला पृथ्वीची नाभी म्हणत. आपल्या जुन्या ज्योतिष्यांची मध्यरेषा लंकेपासून निघून अवंतीवरूनच जाई, आणि म्हणून सवाई जयसिंगाने आपली एक वेधशाळा इथे बांधली. ज्या गावाने सगळ्या देशाला पृथ्वीवरची जागा मोजायला शिकवले, तिथल्या एका वाड्यातली तार पृथ्वीपर्यंत पोचली नव्हती. रांगेत उभा राहून मी हाच विचार करीत होतो. देवळाबाहेर ई-रिक्षांची रांग होती. त्यांतल्या कितींची चार्जिंगची तिसरी पिन जमिनीपर्यंत जात असेल, कोण जाणे.

गोव्यात परतल्यावर पहिल्याच रविवारी माझ्या स्वतःच्या घरची अर्थिंग मोजून घेतली. आमच्याकडे जांभा दगड. पावसाळ्यात चिंब, पण पाणी झरझर खाली निघून जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये जमीन खडखडीत. अर्थिंगला ही जमीन माळव्याच्या काळ्या मातीहून कठीण. आकडा काय आला ते सांगत नाही, लाज वाटते. वायरमनला बोलावले आहे. माझ्याकडे विजेची गाडी नाही आणि इतक्यात घेण्याची ऐपतही नाही, पण फ्रिज आहे, गिझर आहे, आणि घरात अनवाणी फिरणारी माणसे आहेत.

काल मावशीचा फोन आला होता. म्हणाली, "ह्या वर्षी पाऊस लांबलाय रे, पण तुमच्या त्या नळात रोज पाणी घालते हो मी." मी म्हटले, "मावशी, विसरू नको." ती म्हणाली, "विसरीन कशी? तुळशीच्या शेजारीच तर आहे."